संशोधनातल्या या चुका टाळा: चौकशीची वेळ येण्याआधी

संशोधनातला गैरप्रकार म्हटलं की घरबसल्या आकडे बनवणारा कुणी बिलंदर डोळ्यांपुढे येतो. असे लोक असतातच. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन यांचं बिंग २००२ साली फुटलं, कारण वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांमध्ये नॉइजसुद्धा (मोजमापातले आपोआप होणारे बारीक चढउतार) हुबेहूब तोच निघाला. पण पीएचडी करणारा साधा विद्यार्थी अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. त्याला कुणाला फसवायचं नसतं. विचारणा झाली की त्याच्यापाशी दाखवायला काही नसतं, एवढंच.

नोंदी मागाहून लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रसायनशास्त्राचं २०१८ चं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातला आपला पेपर मागे घेतला. निष्कर्ष पुन्हा मिळेनात म्हणून पहिल्या लेखकाची लॅब नोटबुक तपासली, तर मुख्य प्रयोगांच्या त्या त्या वेळच्या नोंदी आणि कच्चा डेटा जागेवर नव्हता. नोबेलवाल्यांच्या लॅबमध्ये हे होतं, तर आपल्याकडे का होणार नाही?

वहीत तारीख, नमुन्याचा क्रमांक, यंत्राची सेटिंग आणि फसलेले प्रयोगही हवेत. खाडाखोड एका रेघेने करा, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर नको, पान फाडणं तर नकोच. नोंद राहून गेली असेल तर आजची तारीख घालून सरळ लिहा: ‘१२ तारखेच्या प्रयोगाची नोंद, आज आठवणीतून.’ अशी नोंद कच्ची असते, पण खोटी नसते. मागची तारीख टाकून एकाच पेनने भरलेली दहा पानं मात्र कुणाच्याही लक्षात येतात.

यंत्रातून आलेली मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ करून ठेवा आणि काम तिच्या प्रतीवर करा. एक्सेल तर न विचारता डेटा बदलतं. ‘सेप्ट२’ नावाच्या जनुकाची ते परस्पर २ सप्टेंबर ही तारीख करून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांश पेपरांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली.

‘नकोसे’ आकडे वगळणं

एखादी मोजलेली किंमत फारच बाजूला पडली आणि ती काढल्यावर निकाल छान येतो, हे दिसल्यानंतर ती काढणं म्हणजे निकाल निवडणं. कोणती नोंद वगळायची याचा नियम विश्लेषणाआधी लिहून ठेवा. तसा लिहिला नसेल तर दोन्ही निकाल द्या, त्या किंमतीसह आणि तिच्याशिवाय. पेपर तपासणारा रिव्ह्यूअर कुरकुर करेल, करू द्या.

चित्रांची सरमिसळ

२०१६ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ पेपरांतली चित्रं डोळ्यांखालून घातली. ३.८ टक्के पेपरांत गडबड निघाली, आणि त्यातल्या निदान निम्म्यांत ती मुद्दाम केल्यासारखी दिसत होती. उरलेल्यांतल्या कित्येकांचं मूळ ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘नवं फायनल’ अशा फाइलनावांत असणार, असं मला वाटतं. नावातच तारीख आणि नमुना क्रमांक घाला. ब्राइटनेस वाढवायचा तर पूर्ण चित्राचा वाढवा, एकाच पट्ट्याचा नको. दोन जेलच्या (प्रथिनं किंवा डीएनए पट्ट्यांच्या रूपात वेगळे करणारा थर) चित्रांचे तुकडे शेजारी ठेवले असतील तर मधे रेघ दिसू द्या आणि खाली तसं लिहा.

शब्द बदलले म्हणजे झालं

मूळ वाक्य समजा असं आहे: ‘पाण्याचं तापमान वाढलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन घटतो आणि माशांची वाढ मंदावते.’ प्रबंधात उतरतं: ‘जलाच्या तापमानात वृद्धी झाल्यास त्यातील विद्राव्य ऑक्सिजनची मात्रा न्यून होऊन मत्स्यवाढ मंद होते.’ उचललेला मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर कदाचित सोडून देईल. पण वाक्याचा सांगाडा तोच आहे आणि संदर्भही दिलेला नाही, म्हणजे ही चोरीच; शिवाय मराठी बिघडलं ते वेगळंच. वाचा, मूळ पान बंद करा, आपल्या शब्दांत लिहा आणि संदर्भ तिथल्या तिथे द्या. त्या सॉफ्टवेअरच्या सिमिलॅरिटी रिपोर्टवरची (किती मजकूर इतरत्र जुळतो याची) टक्केवारी हा निवाडा नव्हे. पाच टक्क्यांत आख्खा निष्कर्ष उचललेला असू शकतो, आणि पंचवीस टक्के नुसती संदर्भसूची असू शकते.

एआयचं एकच सांगतो: त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. नसलेले पेपर ते बेधडक देतं.

नावांचा घोळ

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसता निधी आणला किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून नाव येत नाही. त्यांचे आभार मानावेत. उलट राबलेल्या ज्युनिअरला मसुदाच न दाखवता वगळणं हेही तितकंच चुकीचं. हा विषय पेपर तयार झाल्यावर काढला की भांडणं ठरलेली. काम सुरू करतानाच कोण काय करणार ते ईमेलवर लिहून घ्या आणि कामं बदलली की ती यादीही बदला.

चूक छापून गेली तर

घाबरून फाइली डिलीट करू नका. साध्या चुकीचा गैरप्रकार होतो तो नेमका इथे. मूळ डेटाची प्रत बाजूला ठेवा, गाइड आणि सहलेखकांना लगेच लेखी कळवा. निष्कर्ष टिकत असेल तर दुरुस्ती, नसेल तर पेपर मागे. प्रथिनांच्या रचना शोधणारे शास्त्रज्ञ जेफ्री चँग यांच्या लॅबमधल्या एका प्रोग्रामने डेटाचे दोन रकाने उलटे केले होते आणि त्यामुळे प्रथिनांच्या रचनाच उलट्या निघाल्या. कळल्यावर त्यांनी पाच पेपर मागे घेतले.

संशय दुसऱ्यावर, विशेषतः गाइडवरच असेल तर गोष्ट अवघड आहे, खोटं कशाला सांगू. एकट्याने समोरासमोर आरोप करू नका. आधी विभागाबाहेरच्या जाणत्या माणसाशी किंवा विद्यापीठाच्या संशोधन नीतिमत्ता समितीशी बोला. तक्रारीत माणसाच्या हेतूबद्दल अक्षरही नको. जे दिसतं तेवढंच लिहा: ‘आकृती ३ आणि आकृती ५ मधले पट्टे सारखे दिसतात. मूळ फाइली पाहायला मिळतील का?’ तक्रारीच्या ईमेलची एक प्रत विद्यापीठाच्या खात्याबाहेर, स्वतःपाशीही ठेवा.