फायनल फँटसी टॅक्टिक्स : आधी घड्याळ वाचा

1997 साली प्लेस्टेशनवर आलेला हा पाळीपाळीने लढायचा गेम लोक अजून पहिल्यापासून खेळायला घेतात, कारण इथली हार बहुतेक वेळा आधीच मोजता येण्यासारखी असते. (नावं मूळ आवृत्तीतली आहेत, 2007 च्या पीएसपी आवृत्तीत बरीच बदलली.)

प्रत्येक पात्राच्या 'सीटी'त (टर्नसाठी भरत जाणारा आकडा) दर टिकला (गेमच्या घड्याळाचा एक ठोका) त्याच्या स्पीडइतकी भर पडते. शंभर भरले की टर्न. चाल आणि वार दोन्ही केलेत तर 100 कापले जातात, एकच केलंत तर 80, नुसतं थांबलात तर 60. म्हणजे स्पीड 6 असेल तर दोन्ही करून पुढचा टर्न साधारण 17 टिकनी, थांबून 10 टिकनी. शत्रू टप्प्यात नसताना उगाच दोन घरं सरकू नका.

जादूही वेळ खाते: आगीच्या मंत्रांपैकी फायरला 4 टिक, फायर 2 ला 5, फायर 3 ला 7. मंत्र पक्का करण्याआधी टर्नची यादी बघा. नेम शत्रूवर धरला आणि मधेच त्याचा टर्न आला, तर मंत्र त्याच्या मागोमाग जातो. तो तुमच्या नाइटला येऊन खेटला की दोघंही भाजतात. नेम घरावर धरलात तर शत्रू निसटतो आणि रिकामी फरशी जळते.

जेपी (क्षमता शिकायला लागणारे गुण) साठले की आधी स्क्वायर या पेशाचं 'गेन्ड जेपी अप' घ्या, 200 जेपी; त्याने पुढे जेपी जास्त मिळतात. मग निदान दोघांना केमिस्ट (औषधं वापरणारा पेशा) करून पडलेल्याला उठवणारं फिनिक्स डाउन शिकवा, 90 जेपी. दुकानातून नुसतं विकत आणून चालत नाही, शिकावंच लागतं. पडलेल्याच्या डोक्यावर 3 पासून उलटे आकडे सुरू होतात; शून्यानंतर त्याचा स्फटिक किंवा पेटी होते, माणूस कायमचा गेला.

खरा सापळा तिसऱ्या प्रकरणातला रिओव्हानेस किल्ला. लढायांच्या मधे सेव्ह करता येतं, पण बाहेर पडता येत नाही. म्हणून आत शिरण्याआधीचा सेव्ह वेगळ्या जागी ठेवा. आत नायक रामझाला एकट्याने विग्राफ या शत्रूशी लढावं लागतं. त्याला केमिस्टची 'ऑटो पोशन' (मार बसला की आपोआप औषध घेणारी क्षमता) द्या, आणि साधी पोशन आधीच विकून टाका; ही क्षमता सगळ्यात हलकं औषध पहिलं वापरते. मग लांब पळून स्वतःवरच 'यल' ही रामझाची क्षमता मारत राहा, दर वेळी स्पीड 1 ने वाढतो.

पुढे किल्ल्याच्या छतावर राफा या मुलीला वाचवायचं असतं, म्हणून तिथे सगळ्यात चपळ माणसं न्या. ती स्वतःहून शत्रूच्या अंगावर धावते, आणि तिला आवरायला कुठलंही बटण नाही.