रोझमेरीच्या काड्या लावताय? आधी ताटल्या उचला

गेल्या खेपेला बारा काड्या लावल्या होत्या. नऊ जगल्या, मुळं धरली, कुंड्यांत गेल्या आणि तिथे एकजात सडल्या. कारण कुंडीखालची ताटली. म्हणून यंदा पहिलं काम, सगळ्या ताटल्या उचलून माळ्यावर.

बियांच्या नादी लागू नका. उगवण कमी आणि फार रेंगाळते. काडी निरोगी झाडाची, यंदाच्या वाढीची, फुलं नसलेली. शेंडा कोवळा, बूड नुकतं टणक होऊ लागलेलं, लांबी १० ते १५ सेंमी. जून तपकिरी लाकूड मुळं धरता धरत नाही. काप पेराच्या लगेच खाली. कात्री स्वच्छ हवी हे सांगायला नको. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा, पण ओरबाडू नका, साल सोलली जाते. रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) असेल तर लावा, नसलं तरी अडत नाही.

काड्या खोचायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मं-निम्मं. शेणखत आत्ता अजिबात नको. वर प्लास्टिकची पिशवी घालणार असाल तर रोज थोडा वेळ ती काढून ठेवा, नाहीतर बुरशी. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. चार ते आठ आठवडे लागतात. उपटून बघायचा मोह आवरा. अलगद ओढल्यावर काडी अडली की मुळं आली.

आता पुन्हा ताटली. रोझमेरी तुळशीसारखी मान टाकत नाही. पान सुईसारखं ताठ, त्यामुळे खाली मुळं कुजली तरी वर कितीतरी दिवस हिरवंगार. मला वाटलं तहानलीय, आणखी पाणी घातलं! मग एके दिवशी फांदीवरून बोट फिरवलं तर पानं झडून हातात. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, बुळबुळीत, घाण वासाची. कुंडीला भोक होतं हो. पण निथळलेलं पाणी ताटलीत, आणि तेच माती परत वर ओढत होती. फरशीसाठी ताटली हवीच असेल तर कुंडी विटेच्या तुकड्यांवर ठेवा, बूड पाण्याला टेकता कामा नये. साधी कुंडी जिच्यात ठेवतो ती बाहेरची शोभेची कुंडी म्हणजेही खोल ताटलीच.

पाणी, वरची बोटभर माती सुकल्यावरच. ऊन सहा तास, हळूहळू सवय लावून. खत अगदी कमी. छाटणी हिरव्या भागातच. उघड्या जुन्या लाकडाला सहसा फूट येत नाही. पावसात कुंड्या आडोशाला. पावसानेही ताटली भरते.