एडीएचडीवाल्या पोराचा फोन हिसकावण्याआधी आपली झोप बघा

आम्ही ऐरोलीचे, मी ठाण्यात नोकरीला, पोरगा 14 वर्षांचा, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, असा मेंदूच्या वाढीतला त्रास) तिसरीतच कळलेलं. मागच्या वर्षी रोज रात्री फोनवरून महाभारत व्हायचं, एकदा मी त्याचा फोन तांदळाच्या डब्यात लपवला आणि कुठे ठेवला तेच विसरले, सकाळी कुकर लावताना वाटीबरोबर फोन वर आला. तेव्हा कळलं की डोकं माझंच ठिकाणावर नाहीये.

म्हणून पहिलं काम पोराचं नाही, तुमचं. आठवडाभर किचनमधल्या कॅलेंडरवर लिहा, भांडण किती वाजता झालं आणि आदल्या रात्री तुम्ही किती झोपलात. माझी बहुतेक भांडणं ज्या दिवशी ट्रान्सहार्बर लोकलला उभं राहून आले, चहा पण नाही घेतला, त्याच दिवशीची निघाली. थकलेला माणूस एक दिवस "बघ बाबा काय बघायचं ते" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी वायफायच बंद करतो, आणि या पोरांना तर रोज एकच नियम लागतो. आपण खचलो की ते खोलीत फोन घेऊन बसतं, ते बघून आपण अजून खचतो, सुरुवात कुणी केली ते शोधत बसू नका.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर ते नुसतं टेन्शन नाही, डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नावाला घाबरू नका. आणि एडीएचडी घराण्यात चालतं बरं का, त्यामुळे आई किंवा बाबांनाही असू शकतं, तेही विचारून घ्या.

आता फोन. "साडेनऊला बंद" हा नियम आमच्याकडे कधीच चालला नाही, कारण ऑनलाइन गेमची मॅच मध्येच थांबवता येत नाही, सोडली तर टीममधले शिव्या घालतात, आणि या पोरांना वेळेचा अंदाजच येत नाही. त्यापेक्षा मॅच मोजा. शाळेच्या दिवशी दोन, ठरलं ते ठरलं. दुसरी संपत आली की किचनमधून ओरडू नका, जाऊन शेजारी बसा, "किती राहिले रे?" विचारा, संपली की लगेच हाताला काम द्या, आमच्याकडे खाली कुत्र्यांना पोळी घालायला जातो. बऱ्याच पोरांचा एडीएचडीच्या सकाळच्या गोळीचा असर संध्याकाळपर्यंत उतरलेला असतो, म्हणून मोठी भाषणं, मार्कांचा विषय त्या वेळी नकोच, आणि डोस मनाने वाढवू नका, डॉक्टरांना सांगा.

नियम मोडला तर उद्याची एक मॅच कमी, बस. आठवडाभर फोन जप्त वगैरे केलं की चौथ्या दिवशी आपणच कंटाळून परत देतो, मी दिलाय.

रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे आपलेही. आमच्याकडे बाबांचे रील्स काही संपत नव्हते, शेवटी एके रात्री पोरानेच त्यांच्या शेजारी बसून विचारलं, "बाबा, किती राहिले?"