डब्यातले चांदीचे रुपये: घासण्याआधी हे वाचा

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एक पितळी डबा कपाटातून खाली यायचा. त्यात तेवीस चांदीचे रुपये. सासूबाई चिंच भिजत घालायच्या आणि चिंच-रांगोळीने एकेक रुपया लखलखीत होईपर्यंत घासायच्या. त्यांच्या सासूबाईही तेच करत. तीन रुपये मात्र डब्याच्या तळाशी मलमलीच्या चिंधीत बांधलेले होते. ते का वगळले होते, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. सासूबाई गेल्यावर मी सगळे रुपये मुंबईत एका जाणत्या नाणेविक्रेत्याला दाखवले. घासलेल्या वीस रुपयांना त्यांनी मोडीचा भाव सांगितला. चिंधीतल्या तिघांना त्याच्या पाचपट. घासलेल्यांतही तेच साल, तीच राणी, तीच टांकसाळ असलेले रुपये होते.

मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. चिंचेतलं आम्ल चांदीवर काय करतं हे मला त्या डब्याकडे बघूनच सुचायला हवं होतं. ती हळहळ आजही आहे, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) किंवा राजाछाप (ब्रिटिश राजांचे) रुपये असतील, तर पुढच्या दिवाळीआधी हे वाचा.

सुरुवात चांदीच्या हिशेबाने करा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी झाली साधारण १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला एक लाख असेल तर ग्रॅमला शंभर रुपये, म्हणजे नाण्यातली चांदी १,०६९ रुपयांची. हा तळाचा आकडा. सराफ यातून घट कापून भाव देतो. १९४० ते १९४५ चे रुपये याच वजनाचे, पण चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. ते ओळखायला कडेकडे बघा: उभ्या रेघांच्या मधोमध एक खाच फिरलेली असते. १९४७ च्या रुपयात चांदी नाहीच, तो निकेलचा आहे.

तळाच्या आकड्यावर जे काही मिळतं ते नाणं म्हणून मिळतं, आणि त्यात पहिला प्रश्न खरेपणाचा.

घरच्या घरी होणारी सगळ्यात भरवशाची परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. झिजलेला खरा रुपया ११.४ किंवा ११.५ ग्रॅमही भरतो, तेवढ्याने घाबरू नका, १०.८ भरला तर मात्र थांबा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर १.१३ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते, १९३९ पर्यंतच्या रुपयाची ती १०.३ च्या जवळ हवी. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेली नक्कल इथे लगेच पकडली जाते, कारण तिची घनता साडेआठच्या आसपास येते. लोहचुंबक लावून बघायला हरकत नाही, पण पितळही चुंबकाला चिकटत नाही, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका.

शहाबादी फरशीवर आपटून आवाज ऐकायची जुनी रीत सोडून द्या. बंदा रुपया खणखणीत वाजतो हे खरं, पण आपटल्याने कडेला ठेच बसते आणि ती कायमची. बोटाच्या टोकावर नाणं तोलून पेन्सिलीने हळूच टिचकी मारली तरी नाद ऐकू येतो.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ओतून केलेल्या नकलेवर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि बाहेरच्या कडेवर कुठेतरी दोन भागांचा सांधा सापडतो. खरं नाणं ठशाखाली दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षरं मैदानातून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, ताठ उभी राहतात.

आणखी एक गोंधळ आपल्याकडे फार आहे. दिवाळीला सराफांकडे राणीचा किंवा राजाचा मुखवटा असलेली चांदीची नाणी मिळतात. त्यांतली चांदी खरी असते, फसवणूक काही नाही, पण ती टांकसाळीची नाणी नव्हेत. बरीच दहा ग्रॅमची असतात, कारण आजच्या बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. त्यांना चांदीचाच भाव. कंपनी सरकारच्या नावाची, १८१८ साल आणि राम-सीता किंवा हनुमान असलेली नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत. ती नंतर कुणीतरी बनवलेली. त्यांवर ‘दुर्मिळ’ म्हणून लाखांची स्वप्नं दाखवणाऱ्यांपासून लांब राहा.

साल बदललेली नाणीही येतात. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करायचा मोह लोकांना होतो. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचं मैदान बघा: तिथे कोरल्याच्या रेघा असतील किंवा रंग बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळा असेल, तर तो रुपया मोडीचा.

खरेपणा पटला की पाहायचं कातडं. हा शब्द माझा आहे, पण नाण्याला कातडं असतं असंच मी समजते. नाणं पाडताना प्रचंड दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेघा उमटतात. एका दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. या रेघा शाबूत असतील तर प्रकाशाची एक तिरीप चक्रासारखी गोल फिरते. तीच अस्सल झळाळी. घासलेलं नाणंही चकाकतं, पण सगळीकडे सारखंच, स्टीलच्या वाटीसारखं. तिरीप फिरत नाही. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडेही दिसतात.

वरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीची क्रिया होऊन बनलेलं ते सल्फाइड आहे, आणि त्यातली चांदी नाण्याचीच आहे. थर काढला की ती चांदी आणि त्या सूक्ष्म रेघा दोन्ही जातात. म्हणून चिंच, रांगोळी, राख, टूथपेस्ट काहीच नको. ॲल्युमिनियमचा कागद आणि खायचा सोडा वापरायची युक्तीही नको. तिने ओरखडे पडत नाहीत, पण नाणं फिकट, मेलेलं दिसतं आणि सवयीच्या डोळ्याला ते लगेच कळतं. दशकानुदशकं कागदात किंवा कापडात पडून राहिलेल्या रुपयावर कधी कधी कडेने सोनेरी, मग जांभळा, मग निळा असा रंग चढतो. त्यासाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. चिंधीतल्या एका रुपयावर तसा रंग होता.

कुंकू चिकटलं असेल तर? शुद्ध पाण्यात रात्रभर ठेवा, मग केमिस्टकडून आणलेल्या शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, बोळ्याने पुसू नका, आपोआप वाळू द्या. ॲसिटोन चांदीला धक्का लावत नाही. नखांचं रंग काढायचं द्रावण मात्र चालणार नाही, त्यात तेलं आणि सुगंध मिसळलेले असतात. ॲसिटोन पेटतं, तेव्हा देवघरातल्या समईपासून लांब.

माळेतल्या रुपयांची गोष्ट वेगळी. कडी काढून टाकली तरी वरच्या बाजूला झाळ दिलेली जागा राहते. ती कितीही सफाईने घासली तरी कडेच्या रेघा तिथे तुटतात. असे रुपये नाणं म्हणून जवळपास मोडीतच जातात. पण माळ अखंड असेल तर तोडू नका. दागिना म्हणून तिची किंमत सुट्या रुपयांपेक्षा जास्त येऊ शकते, आणि घरच्या बाईच्या गळ्यात असलेली वस्तू म्हणून तर तिची किंमत काढूच नये.

झीज सगळ्यात शेवटी बघा. नवखा माणूस आधी झीजच बघतो, आणि घासलेला पण ठळक रुपया घेऊन बसतो. राणीच्या रुपयावर कानशिलावरचे केस, मुकुटाचे मणी आणि चोळीवरची वेलबुट्टी आधी झिजते. सातव्या एडवर्डचं डोकं उघडं, तिथे कानावरचे केस बघा. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे, तो स्पष्ट दिसतो का पाहा. हाच तो हत्ती, जो १९११ च्या पहिल्या रुपयावर आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोकांनी नाराजी दाखवली, आणि पुढच्या वर्षी सोंड लांब झाली. १९११ चे बरेच रुपये वितळवले गेले, म्हणून झिजलेल्यालाही पाचव्या जॉर्जच्या इतर रुपयांपेक्षा जास्त भाव मिळतो.

वय आणि दुर्मिळता एक नव्हे, हे मात्र पक्कं धरा. १८६२ साल असलेले रुपये पुढे दहा-बारा वर्षं तेच साल ठेवून पाडत राहिले, त्यामुळे ते ‘दीडशे वर्षं जुने’ असले तरी विपुल आहेत. १९१८ चे तर कोट्यवधी. पहिल्या महायुद्धात रुपयासाठी चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेने कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. अशा सालाच्या रुपयात झळाळी शाबूत असली तरच चार पैसे जास्त.

ठेवताना रबर बँड नको, लोकरी कापड नको, दोन्हींत गंधक. स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटं काही वर्षांनी हिरवट चिकट होतात. मायलर नावाच्या पॉलिएस्टरची पाकिटं घ्या आणि नाणं कायम कडेनेच धरा.

विकायचं असेल तर किमान तीन ठिकाणी दाखवा आणि आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो भामटा आहे. रिझर्व्ह बँकेने स्वतः २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. परदेशी संस्थांकडून प्रत ठरवून सीलबंद डबीत नाणं घेता येतं, पण घासलेल्या नाण्याला ते तसा शेरा देतात आणि खर्च अंगावर येतो. शेतात हंडा सापडला तर तो गुपचूप विकू नका, १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

माझ्या भाच्याला आजीची आठवण म्हणून एक राणीछाप रुपया न्यू जर्सीला न्यायचा होता. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. त्याला मी त्याच डब्यातला १९४४ चा रुपया दिला, कडेची खाच भिंगातून दाखवून.