घरी सोलार पॅनल बनवायचंय? आधी हे वाचा

ऐरोलीत आमच्या गच्चीवर मी एक बनवलं, तर सांगतो. एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला ३६ सेल सिरीजमध्ये (एकामागे एक जोडून) लागतात, मिळून १८ व्होल्टच्या आसपास येतात. सेलची वरची निळी बाजू मायनस, मागची प्लस, तर एकाच्या वरून निघालेली टॅबिंग वायर (सेल जोडायची चपटी तार) पुढच्याच्या खालून जोडायची, आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) लावा मग सोल्डर, आणि हात हलका ठेवा कारण सेल पापडासारखे मोडतात, माझे पहिल्याच दिवशी चार गेले. प्रत्येक ओळ झाली की उन्हात मल्टिमीटर लावून व्होल्ट बघा, नंतर काच बसल्यावर काही करता येत नाही.

वर टफन काच, काच आणि सेलच्या मधे ईव्हीए शीट (गरम केल्यावर चिकटणारं पारदर्शक प्लास्टिक), कडेने सिलिकॉन भरपूर, आपल्याकडचा पाऊस फटीतून आत शिरतोच. बॅटरीआधी चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा) हवाच. तोंड दक्षिणेला, उतार १९-२० अंश.

पण घरातला एसी-फ्रिज यावर चालवायचा विचार असेल तर सरळ विकतचंच घ्या, हे मोबाईल आणि दोन-तीन एलईडीपुरतं.