बांबूतून पिवळी पूड गळत होती, थांबली ती अशी

कोथरूडला गच्चीवरच्या मांडवाच्या बांबूंना टाचणीएवढी भोकं पडून खाली मैद्यासारखी पूड साचायची. रॉकेल चोपडलं, वार्निश मारलं, पूड चालूच. फार वैताग आला. ही भोकं पाडणारा किडा, भुंगेरा, बांबूच्या आतला स्टार्च खातो, वरचा लेप तिथवर पोचतच नाही.

शेवटी खांब बदलले, नवे बांबू औषधाच्या पाण्यात मुरवून लावले, आता दोन पावसाळे निर्धास्त गेलेत. कृती अशी: तीन-चार वर्षं वाढलेला, ताजा तोडलेला बांबू घ्या. लांब सळईने पेरांचे आतले पडदे फोडा. १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि २ किलो बोरिक ॲसिड. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा. बांबू तरंगतात, म्हणून वर दगड ठेवून १० दिवस पूर्ण बुडवा. मग उभे निथळवून सावलीत वाळवा. हे क्षार पावसाने धुऊन जातात, त्यामुळे वर पत्रा हवाच आणि बुंधा काँक्रीटच्या ओट्यावर.