मुका झालेला डेटा : संशोधनात या चुका टाळा

"एकाच जागी, एकाच दिवशी खारटपणा दुप्पट कसा झाला गं?" गाईडनी विचारलं आणि माझी मैत्रीण गप्प. नमुने ठाणे खाडीतल्या पाण्याचे, दोन वर्षं चिखल तुडवून गोळा केलेले. मीटर ठीक होता, आकडेही बरोबर होते. फक्त नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. वेळ माहीत नसेल, तर तिथल्या खारटपणाच्या आकड्याचं करायचं काय? एकही फाईल न हरवता तिचा निम्मा डेटा गेला.

ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या मुलांची प्रोजेक्टं निस्तरताना हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. हार्ड डिस्क उडाल्याच्या कहाण्या सगळेच सांगतात. आकडे जागेवर आहेत पण त्यांच्याबद्दल सांगणारं काहीच नाही, ही कहाणी मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यात दोष आपला असतो.

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल ठेवा. कोणत्या रकान्यात काय आहे, एकक कोणतं, उपकरण कोणतं, नोंद कुणी आणि किती वाजता केली, हे त्यात लिहा. रिकामा रकाना म्हणजे काय, तेही लिहा. फ्लेमिंगो मोजताना 'एकही दिसला नाही' आणि 'त्या दिवशी आम्ही गेलोच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शून्य टाका, दुसरीला ठरवलेली खूण. आणि हे त्याच संध्याकाळी करा. सबमिशनच्या आठवड्यात केलेली नोंद ही आठवण असते, नोंद नव्हे.

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास

ठिकाण ५, नमुना १ म्हणून '५-१' टाईप करा, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ५ जानेवारी की १ मे, ते कॉम्प्युटरच्या सेटिंगवर. नुसतं हसण्यावारी नेऊ नका. याच सवयीला कंटाळून मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली, कारण ती 'मार्च' आणि 'सप्टेंबर'सारखी दिसत होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण मोजणीतून सुटले. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात; पुढच्या ओळी गळून पडल्या. म्हणून कोड टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करा, तारीख २०२४-०७-०९ अशी वर्ष आधी घेऊन लिहा, आणि मूळ शीट 'रीड ओन्ली' करून बाजूला ठेवा. साफसफाई नेहमी कॉपीवर.

आपल्याकडची खास डोकेदुखी वेगळीच. 'कोपरखैरणे', 'कोपर खैरणे', 'को. खैरणे' : एक्सेलच्या लेखी ही तीन गावं. टाईप करायला देऊच नका, ड्रॉपडाऊन यादी द्या.

मराठी मुलाखती कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवल्या असतील, तर आजच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, आणा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तिथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कन्व्हर्टर जोडाक्षरांत हमखास चुकतो, तेव्हा मूळ प्रत समोर ठेवून ताडून पाहा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट) फाईलवर डबल क्लिक केल्यावर देवनागरीचा कचरा दिसला तर घाबरू नका आणि मुख्य म्हणजे सेव्ह करू नका. फाईल बंद करून एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून आणा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

बॅकअप

यावर फार लिहीत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि पेनड्राईव्ह एकाच सॅकमध्ये घेऊन ट्रान्सहार्बर लोकल पकडत असाल, तर तुमच्याकडे एकच प्रत आहे. ड्राईव्हचं सिंक म्हणजेही बॅकअप नाही : इकडे पुसलेली फाईल तिकडेही पुसली जाते आणि गूगल ड्राईव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो. कॉलेजच्या ईमेल खात्यावर सगळं असेल, तर पदवीनंतर ते खातं किती दिवस चालू राहतं, हे आत्ताच विचारा.

नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली?

'चेंदणी कोळीवाडा, वय ६८, विधवा, मासळीविक्री बंद, मुलगा परदेशी.' नाव नाही. पण कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल ही कोणाची आजी. वयाचे गट करा, कोळीवाड्याचं नाव काढून 'ठाणे खाडीकाठ' लिहा, ओळख देणारा तपशील गाळा. नाव आणि त्याऐवजी वापरलेला कोड जोडणारी यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाईलमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण तीही अटींसह.

डेटा पुढे इतरांसाठी खुला करायचा असेल, तर ते संमतीपत्रात पहिल्याच दिवशी लिहावं लागतं. झेनोडोसारख्या, संशोधनाचा डेटा खुला ठेवणाऱ्या वेबसाईटवर फाईल चढवायला दहा मिनिटं लागतात. संमती नंतर मिळवायला किती लागतात ते ओळखीच्या एका संशोधिकेला विचारा. ती ४० दारं पुन्हा वाजवत फिरली. त्यातली काही माणसं तोवर मुलाकडे कल्याणला राहायला गेली होती, आणि दोन आज्या राहिल्याच नव्हत्या.